गणपतीला रंगवलं, शिमग्याला सुटलं: जुन्या लाकडी सामानाचा रंग का टिकत नाही

कोकणात ही तक्रार ठरलेली असते. श्रावणात घराची साफसफाई निघते आणि डब्यात उरलेला ऑइलपेंट जुन्या खुर्चीला, ओटीवरच्या बाकड्याला, चौरंगाला मारला जातो. आरत्यांच्या दिवसांत सगळं चकचकीत दिसतं. दिवाळीला बोट दाबलं तर अजून ठसा उमटतो. शिमग्यापर्यंत कडांचे पापुद्रे निघू लागतात आणि पुढच्या श्रावणात त्यावरच आणखी एक हात बसतो. पाच-सहा वर्षं असं झालं की लाकडावर रंगाची जाड साल तयार होते, आणि एक दिवस ती वीतभर लांब सुटून हातात येते. मग सगळे डब्याला नावं ठेवतात.

डबा क्वचितच वाईट असतो. बहुतेक वेळा रंगवायचा महिना चुकलेला असतो, किंवा रंगाखाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. महागडा रंग आणून ह्यातलं काहीच सुटत नाही. उलट पैसे वाचवायचे असतील तर रंगावर कमी आणि तयारीवर जास्त वेळ घालवावा, कारण तयारीला लागणारं सामान स्वस्त आहे.

आधी पापुद्रा उलटा करा

सुटलेला एक पापुद्रा नखाने काढा आणि त्याची मागची बाजू उजेडात बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

मागे लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले असतील, किंवा खाली कोरं, काळपट लाकूड दिसत असेल, तर ओल आतून आली आणि तिने रंग ढकलून बाहेर काढला. मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल आणि खाली जुना रंग शाबूत चमकत असेल, तर जुन्या चकाकीवर पॉलिश पेपर न मारताच नवा हात दिला गेला आहे. मागे पांढरी भुकटी बोटाला लागली तर खाली लांबी, म्हणजे खड्डे-भेगा भरायचा लगदा, कच्ची आहे. अलीकडे हे फार दिसतं, कारण भिंतीची पुट्टी लाकडात भरली जाते. भिंतीच्या पुट्टीत पांढरं सिमेंट असतं. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट जागचं हलत नाही, मग ती पुट्टी वरच्या रंगासकट खपली धरून निघते. पापुद्र्याची मागची बाजू तेलकट, मऊ लागली तर खाली तेल किंवा मेण आहे. त्याचं पुढे सविस्तर सांगितलं आहे.

पापुद्रा निघत नसेल तर रंगावर ब्लेडने जाळीसारख्या पाच-सहा रेघा आडव्या-उभ्या मारा, सेलोटेप घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर त्या रंगावर पुढचा हात द्यायचा नाही. नाही आले तर जुना रंग खरवडायची गरजच नाही. सगळं लाकूड उघडं करायचा हट्ट हा वेळेचा आणि पॉलिश पेपरचा सगळ्यात मोठा अपव्यय आहे. पावभागापेक्षा कमी रंग सुटला असेल तर तेवढाच काढावा आणि राहिलेल्या रंगाची कड १०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करावी. बोट फिरवल्यावर पायरी जाणवता कामा नये.

खरवडताना एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा, शिसं असलेलाच समजा. कोरडा घासू नका, वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा. मुलांना खळ्यात, म्हणजे अंगणात, फिरकू देऊ नका आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने गोळा करा. झाडूने लोटला तर तो हवेत उडतो.

ओल: हेच मुख्य दुखणं

जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या हवेतली आर्द्रता सहसा ८५ टक्क्यांच्या वरच असते. अशा हवेत आठवडेच्या आठवडे राहिलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे १८ टक्के पाणी मुरलेलं असतं. तेच लाकूड ६५ टक्के आर्द्रतेत १२ टक्क्यांवर येऊन थांबतं. मधल्या सहा टक्क्यांत फूटभर रुंद सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर आकसते. आंबा, फणस किंवा पॅकिंगच्या पेटीचं लाकूड असेल तर अंदाज धरायलाही नको. श्रावणात रंगवलं म्हणजे फुगलेल्या लाकडावर रंगाची साल चढवली. ऊन पडलं की खालचं लाकूड आकसतं, आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि वाटेत साल लागते. कोवळा रंग फोड येऊन उचलला जातो, जुना कडक रंग चिरतो.

लाकूड वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ओलावा मोजायचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही, वजनकाटा पुरतो. टेबलाचा एक खण बाहेर काढा, वजन करा आणि आत फळीवर पेन्सिलने लिहून ठेवा. पडवीत वारा खेळतो तिथे, उन्हात नाही, टेकवून ठेवा आणि दर तीन दिवसांनी पुन्हा वजन करा. चार किलोचा खण १८ टक्क्यांवरून १२ वर येताना साधारण २०० ग्रॅम उतरतो. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आलं की त्या टेबलाला रंग लावायला हरकत नाही. पातळ फळी आठ-दहा दिवसांत येते, दीड इंची पाय तीन आठवडेसुद्धा घेतात. लवकर वाळावं म्हणून भर उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी आकसतो आणि फळी भेगाळते किंवा पीळ धरते.

ह्या हिशेबाने कोकणात लाकूड रंगवायचा काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्याच्या मध्याला संपतो. त्यातही सकाळी दव पडलेलं असताना सुरुवात करू नका. दहाच्या पुढे घ्या आणि तीन-साडेतीनला ब्रश खाली ठेवा. संध्याकाळी लावलेल्या हातावर रात्रीचं दव बसतं आणि सकाळी चकाकी गेलेली असते.

आता ओल येते कुठून ते बघू, कारण वाळवून रंगवलं तरी तिची वाट उघडी असेल तर पुन्हा तेच होणार. तीन जागा नेहमी सुटतात.

पहिली जागा म्हणजे पायांची बुडं. लाकडाच्या आडव्या अंगापेक्षा कापलेल्या टोकातून पाणी कितीतरी वेगाने आत शिरतं. सारवलेली जमीन असो, कोबा असो की रोज पुसली जाणारी फरशी, स्टुलाचे चार पाय चार वातींसारखे पाणी वर ओढतात. म्हणूनच रंग पायांच्या खालच्या चार बोटांत आधी सुटतो. खुर्ची उलटी करा, बुडांवर १०० नंबर मारा आणि पातळ केलेलं प्रायमर (रंगाखाली द्यायचा पहिला थर) मुरेल तितकं पाजा, साधारण तीन वेळा. मग रंगाचे दोन हात द्या. रबरी टोप्या घालायच्या असतील तर तळाला भोक पाडा, नाहीतर त्यात पाणी साठून पाय आतून कुजतो.

दुसरी जागा पाठ. कपाटाची, फडताळाची भिंतीकडची बाजू कोरी सोडायची पद्धत आहे, कारण ती दिसत नाही. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि ती ओल सगळी त्या कोऱ्या पाठीतून आत जाते. मग पुढच्या बाजूचा रंग फुगतो आणि कारण सापडत नाही. पाठीला महागडा रंग नको, नुसते प्रायमरचे दोन हात पुरतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

तिसरी जागा म्हणजे सांधे. जुन्या दारांत, कपाटांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते. ती मुद्दाम सैल असते, पावसाळ्यात फुगायला जागा हवी म्हणून. हौशीने त्या खाचेत लांबी भरली की पहिल्याच ऋतुबदलात चीर पडते. ती खाच मोकळी सोडा आणि ब्रशच्या टोकाने आत रंग जाईल तेवढं बघा.

महिना झाला तरी हाताला चिकटतं

ऑइलपेंट पाणी उडून वाळत नाही. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं, मग तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. हे दुसरं काम आठवडाभर तरी चालतं. दमट हवेत आणि जाड थरात ते रेंगाळतं. जाड हाताची वरची साय आधी धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. पण महिनाभरानेही चिकटत असेल तर कारण बहुधा ह्या तिघांपैकी एक असतं.

खोबरेल. घराघरात लाकूड चमकावं म्हणून खोबरेल चोळायची सवय असते. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, खोबरेल कधीच वाळत नाही. लाकडात मुरलेलं खोबरेल वर चढून रंगात मिसळतं आणि रंग कायमचा ओलसर ठेवतं. देव्हारा, चौरंग, पाट ह्यांवर समईचं आणि निरांजनाचं तेल वर्षानुवर्षं सांडलेलं असतं, त्याचाही परिणाम तोच.

काजूच्या टरफलाचं तेल. वाळवी लागू नये म्हणून वासे, बाकडी, पेटारे ह्यांना हे काळंकुट्ट तेल पाजलेलं असतं. लाकडाला ते चांगलं, रंगाला वाईट. त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं ऑइलपेंटची प्राणवायू घेण्याची क्रिया रोखतात. शिसव आणि काही प्रमाणात सागसुद्धा आपल्या अंगच्या तेलाने असंच करतात.

आणि घासलेट. टर्पेंटाइन संपलं म्हणून घासलेट घातलं की ते सावकाश उडतं आणि मागे तेलकट अंश ठेवतं. "काय होत नाय हो, घासलेटान पण पातळ होता" हे ऐकलं की रंगाऱ्याच्या हातातून डबा काढून घ्यावा. दुकानात नुसतं 'थिनर' मागू नका. बहुतेक वेळा एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचं थिनर, हातात येतं. ते ऑइलपेंटसाठी नाही, खालच्या जुन्या रंगाला उचलून सुरकुत्या आणतं. 'मिनरल टर्पेंटाइन' असं नाव घेऊन मागा.

तेल आहे की नाही ते पाण्याचा थेंब सांगतो. १०० नंबर मारलेल्या जागेवर एक थेंब सोडा. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा मेण आहे. पसरून मुरला तर लाकूड मोकळं आहे.

चिकट रंगावर टाल्कम पावडर भुरभुरवणं किंवा वर घाईने दुसरा हात देणं, दोन्ही व्यर्थ. तो रंग काढावाच लागतो. एनसी थिनरमध्ये चिंधी भिजवून हातभर जागेवर पाच मिनिटं ठेवा, वरून प्लास्टिकचा तुकडा झाका, मग पुट्टी ब्लेडने मऊ झालेला रंग ओढून काढा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ चूल, समई, विडी काही नको. मग एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून, ब्रशने घासा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. सोड्याने साग काळवंडतो. वर रंगच लावायचा असल्याने चालेल, पण नैसर्गिक लाकूड दिसावं अशी इच्छा असेल तर सोडा वापरू नका. पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनने पुसा, आणि दर पुसण्याला चिंधी बदला. तीच चिंधी फिरवली तर तेल नुसतं इकडून तिकडे जातं.

एवढं करूनही खोलवरचं तेल राहतं. त्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचा, पडदा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ५० ग्रॅम चपडा २५० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी हलवून जुन्या सुती कपड्यातून गाळा. कोरड्या दुपारी दोन पातळ हात, मध्ये तासाभराचं अंतर. चपडा तेलातून रंगापर्यंत काही जाऊ देत नाही. त्यावर ऑइल प्रायमर नीट बसतं. काजूच्या तेलाने अगदी काळं झालेलं लाकूड मात्र रंगवायच्या भानगडीत पडू नये. ते तसंच देखणं दिसतं.

पांढऱ्यातून पिवळं, पिवळ्यातून काळं

फणसाच्या लाकडात पिवळा रंग अंगचाच असतो, त्याच्या भुशापासून कापड रंगवतात. अशा पाटाला किंवा स्टुलाला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग लावला की दुसऱ्या दिवशी हळदीसारखे डाग वर येतात. आणखी तीन हात दिले तरी येतच राहतात, कारण प्रत्येक हातातलं पाणी तो पिवळा पुन्हा विरघळवतं. इथेही वरचाच चपडा, दोन हात. पॅकिंगच्या लाकडातल्या गाठींतून राळ येते, तिथेही तोच.

काळे ठिपके दिसले तर त्यावर ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा लोखंडी खिळ्याचा डाग. बुरशीवर रंग मारला तर ती आतून पुन्हा वर येते. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

फ्रेंच पॉलिशवर दुधासारखा ढग आला तर ती हवेतली ओल थरात अडकली आहे. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा किंचित ओला बोळा झरझर फिरवा, बहुतेक वेळा ढग जातो.

लोखंडी कपाट

किनाऱ्यावर गंज पुन्हा पुन्हा येतो त्याचं कारण रंगाखाली राहिलेलं मीठ. हवा ७५ टक्क्यांच्या वर दमट झाली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, म्हणजे पत्र्यावर रंगाखाली खारट पाण्याचा थेंब तयार होतो. त्यामुळे घासण्याआधी कपाट गोड्या पाण्याने धुणं हे पहिलं काम. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं घ्या. मग ८० नंबरने गंज काढा, पुन्हा धुवा, लगेच पुसून वाळवा आणि त्याच दुपारी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. रात्रभर उघडं ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. तळाच्या कडा आणि बिजागऱ्यांच्या मागे प्रायमरचे दोन हात द्या.

एका लाकडी खुर्चीचं सामान

साध्या खुर्चीचं अंग १२ ते १५ चौरस फूट भरतं. त्याला वुड प्रायमर २०० मिली, ऑइलपेंट २०० मिली, टर्पेंटाइन अर्धा लिटर, पॉलिश पेपर १०० आणि १५० नंबरचे दोन-दोन, २२० चा एक आणि दीड इंची ब्रश. उरेल ते पायांच्या बुडांना. लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून आणू नका, उरलेला रंग वर्षभरात साय धरून फुकट जातो.

जुन्या चकाकीवर १५० नंबर इतकाच फिरवा की ती मंद व्हावी. प्रायमर आधी, लांबी नंतर. उलट केलं तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषतं आणि लांबी भुकटी होते. लांबी घरी करता येते: चॉक पावडरमध्ये थोडं थोडं वुड प्रायमर घालत कणकेइतकी घट्ट मळायची. एका वेळी मिलिमीटरपेक्षा जाड भरू नका. वाळल्यावर २२० मारा, लांबीच्या जागी पुन्हा प्रायमरचा ठिपका, मग रंगाचे दोन पातळ हात. रंगात टर्पेंटाइन दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. खुर्ची आधी उलटी ठेवून पाय आणि आतल्या बाजू, मग सुलटी करून पाठ, आणि बैठक सगळ्यात शेवटी.

गणपती तोंडावर आलेत आणि रंगवायचंच आहे

मग एक नियम पाळा: पावसाळ्यात लाकूड उघडं करू नका. जिथे जुना रंग घट्ट आहे, सेलोटेपने सुटत नाही, तिथेच २२० मारून एक पातळ हात द्या. जिथे सुटलाय तिथे यंदा कापड टाका, फुलांची परडी ठेवा, काहीही करा, पण ते काम दिवाळीनंतरच्या यादीत लिहा. उघडीप मिळाली तर सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मधेच ब्रश धरा. दोन हातांमध्ये ४८ तास. घरात एसी असलेली खोली असेल तर वस्तू आदल्या दिवसापासून तिथे ठेवून तिथेच रंगवा, एसी हवेतलं पाणी काढतो. पण खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि रंगाचा वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

निदान दहा दिवस आधी काम संपलं पाहिजे. आदल्या दिवशी रंगवलेल्या चौरंगावर प्लास्टिकचं कव्हर किंवा रेक्झिन अंथरलं तर त्यातली मऊपणा आणणारी द्रव्यं कोवळ्या रंगात उतरतात आणि विसर्जनाच्या दिवशी कव्हर रंगासकट उचललं जातं. धुवट सुती कापड घाला, आणि समईखाली ताटली ठेवा.